इंगळेकाकांची साधी काच

परवा साताऱ्यात चष्मा बदलायला गेले. दुकानातल्या मुलीनं मला एका यंत्रासमोर हनुवटी टेकवायला लावली. आत एक चित्र दिसलं, कुर्रर्र असा आवाज झाला आणि नंबर छापलेला कागद बाहेर आला. माझ्याकडे एकदाही न बघता ती म्हणाली, "झालं, मॅडम." मी चाट पडले. माझ्या डोळ्यांना कोणी नावं ठेवली नाहीत, माझ्या आईला मोतीबिंदू कधी झाला ते विचारलं नाही, हाताला धरून उन्हात नेलं नाही, आणि म्हणे झालं! नंबर बरोबर असेलही, पण मला उगीच फसवल्यासारखं वाटत राहिलं. ही वाईट सवय मला मलकापूरच्या इंगळेकाकांनी लावली.

बँकेनं माझी बदली मलकापूरला केली तेव्हा स्टेशनापासून जवळच एका घराची वरची खोली बघायला मी गेले होते. घरमालक तुळशीराम इंगळे बसस्टँडच्या रस्त्यावर 'इंगळे चष्माघर' चालवत. उंच, सडसडीत माणूस, अंगात पांढराशुभ्र हाफ शर्ट, खिशात पेनाऐवजी छोटी बॅटरी. घरमालकांचे प्रश्न ठरलेले असतात: नवरा कुठं असतो, पाहुणे किती येतात, पाणी जपून वापरता का. काकांनी यातलं काही विचारलं नाही. त्यांनी खिशातली बॅटरी काढून सरळ माझ्या डोळ्यांवर मारली.

"मॅडम, तुमचा डावा डोया कामचोर आहे," ते म्हणाले. "समदं उजव्याच्या भरोशावर चालून राह्यलं."

"अहो, तिले आधी बसू तं द्या," आतून कमलकाकू म्हणाल्या. मी बसले, चहा प्याले आणि भाडं वगैरे काकूंशी ठरवलं, कारण काका तोवर चष्म्याच्या काड्या सरळ करायला निघून गेले होते.

काकांना माणसं चेहऱ्यानं लक्षात राहत नसत, डोळ्यांनी राहत. नावं तर मुळीच नाहीत. "तो कोन बे, उजव्या डोयात तीळवाला" अशी त्यांची ओळख सांगायची पद्धत. लग्नाला गेले की आहेर देताना नवरदेवाच्या डोळ्यांत डोकावून येत आणि जेवताना काकूंना हळू आवाजात निकाल सांगत. त्यांच्या मुलीनं हौसेनं घेऊन दिलेलं डोळे तपासायचं यंत्र दुकानात होतं. त्याच्यावर त्यांनी फडकं टाकलं होतं आणि फडक्यावर ते जेवणाचा डबा ठेवत. "मशीन नंबर सांगते," ते म्हणायचे, "मानूस नाई सांगत. आपला डोया आजलोक चुकला नाई." हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणत की मी खोलीत स्वयंपाक करतानाही ते मला खालून ऐकू यायचं.

रस्त्यापलीकडून जाणाऱ्या माणसाचा मोतीबिंदू ओळखणं हा त्यांचा खास हातखंडा. "ओ दादा! पिकला हो तुमचा, चला बुलढाण्याले!" असं ते ओरडत. दर महिन्याला तालुक्यातली म्हातारी माणसं गोळा करून ते जीप भरत आणि डोळ्यांच्या दवाखान्यात रवाना करत. जीपला टेकून त्यांचं भाषण होई. "घाबरून काऊन राह्यले? मुंगी चावल्यावानी वाटते. मी सांगून राह्यलो न." सगळ्यांचा त्यांच्यावर विश्वास होता. काका स्वतः मात्र जीपमध्ये कधी चढत नसत. का, ते मला विहारात रक्तदान शिबिर झालं तेव्हा कळलं. शिबिराचे आयोजक काकाच होते. त्यांनी रक्तदानाचं महत्त्व फार छान सांगितलं, पहिला दाता म्हणून टाळ्यांच्या गजरात बाही वर केली, नर्सबाईंच्या हातातली सुई बघितली आणि सावकाश, कोणाला त्रास न देता, खुर्चीवरून खाली गेले. उरलेलं शिबिर काकूंनी पार पाडलं.

आता काकांच्या शर्टांचं. काकांना पांढरा शर्ट लागायचा आणि तो पांढराशुभ्रच लागायचा. माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी त्यांनी भुणभुण सुरू केली की कपडे पिवळे निघतात. काकूंनी साबण बदलला. तरी पिवळे. काकूंनी धुण्यात नीळ वाढवली. तरी पिवळे. काकू वैतागून नीळ ओततच गेल्या, आणि काका हळूहळू आभाळाच्या रंगाचे होत गेले. त्या एप्रिलात जयंतीच्या मिरवणुकीत सगळे पांढऱ्या कपड्यांत आणि काका एकटे निळे, तेव्हा लोकांना ती त्यांची निष्ठा वाटली. दोघांचौघांनी पुढच्या जयंतीला तसेच शर्ट शिवायचं ठरवलंसुद्धा. काकांना कोणी काही विचारलं नाही, आणि आपण निळे आहोत हे काकांना माहीतच नव्हतं.

गच्चीचा जिना माझ्या दाराला घासून वर जातो, हे मला सामान लावून झाल्यावर कळलं. दिवेलागण झाली की जिन्यात खडखडाट, धापा आणि "कमल, टॉर्च!" अशी हाक. काका दुर्बीण वर नेत. अकोल्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडून घेतलेली, दुधाच्या मोठ्या कॅनएवढी दुर्बीण. एका रविवारी मी पाहुणीसारखी वर गेले आणि म्हणाले, "काका, शनीची कडी दाखवा ना." हलवायाच्या दुकानात जाऊन कोणी मीठ मागावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"शनी काय, कोनीबी पाह्यते. मी दुसऱ्याच्या सूर्याचे ग्रह पाहून राह्यलो."

"दिसतात?"

"नाई."

"मग?"

"दिसत नाई म्हनून तं पाहून राह्यलो!"

मग त्यांनी मला समजावलं. दूरच्या ताऱ्यांभोवतीही त्यांचे ग्रह फिरतात. एखादा ग्रह फिरता फिरता त्याच्या ताऱ्याच्या आणि आपल्या मध्ये आला, की ताऱ्याचा उजेड तेवढ्यापुरता किंचित उतरतो. तो इतका किंचित की डोळ्याला कधीच कळणार नाही. म्हणून दुर्बिणीला कॅमेरा जोडायचा, काही तास त्या ताऱ्याचे फोटो काढत राहायचे आणि शेजारच्या ताऱ्यांशी त्याचा उजेड संगणकाकडून ताडून घ्यायचा. पडद्यावर ठिपक्यांची एक ओळ उमटते. ती मध्येच खाली जाऊन परत वर आली, की ग्रह समोरून गेला असं समजायचं. त्या खाली जाण्याला काका 'गड्डा', म्हणजे खड्डा, म्हणत. जगभरचे हौशी लोक आपापल्या गच्चीवरून असे गड्डे मोजतात आणि मोठ्या दुर्बिणीवाल्यांना त्यांचा उपयोग होतो. मलकापुरातून एक साफ, कोणाला नाव ठेवता येणार नाही असा गड्डा मोजायचा, एवढीच काकांची इच्छा होती. ती इच्छा त्यांना जडून बराच काळ झाला होता, आणि ओळ काही खाली जायला तयार नव्हती.

"मोताळ्याच्या रोडवर इतके गड्डे आहे," काकू म्हणायच्या, "त्यातला एखांदा मोजा न."

या कामात काकांचा गुरू म्हणजे पुण्याचा केदार. दुर्बिणीचं सामान विकणारा तरुण मुलगा, स्वतःही गड्डेवाला. दुकान नवीनच टाकलेलं. त्याच्याशी काका रोज फोनवर बोलत आणि रोज भांडत. पहिलं मोठं भांडण झालं ते तारा धूसर करण्यावरून. केदार म्हणाला की तारा अगदी रेखीव टिपू नका, जरासा पसरट येऊ द्या. काकांनी फोन माझ्यापुढे धरला. "मॅडम, ऐका. मी उभी हयात लोकायचं धुंदलं दिसनं साफ करण्यात घालवली, अन् हा पोरगा मले तारा धुंदला कराले सांगून राह्यला!"

केदारनं शांतपणे सांगितलं, "काका, एकाच भांड्यात धार धरली की सांडतं. चार भांडी मांडली की सगळं मापात येतं. ताऱ्याचा उजेड तसाच पसरायचा असतो, म्हणजे मोजमाप नीट होतं."

पटलं, पण हात वळेना. पुढचे काही दिवस काका दुर्बिणीचं चाक धूसरपणाकडे फिरवत आणि बोटं आपोआप ते परत साफ करून ठेवत. शेवटी डोळे मिटून, पाठ फिरवून त्यांनी तारा बिघडवला. नागपूरकडे जाणारी मालगाडी तेवढ्यात धडधडत गेली, गच्ची हादरली आणि तारा आणखीच पसरला. "पाहा," काका म्हणाले, "पुण्याचं काम आपल्या इथं रेल्वेच करून राह्यली."

ओळ आता नीट येऊ लागली, पण धनुष्यासारखी वाकडी. केदारनं कारण सांगितलं. तारा कलत कलत खाली येतो तसा त्याचा उजेड जास्त जाड हवेतून येतो, आणि हवा निळा उजेड जास्त खाते. सगळे तारे एका रंगाचे नसतात, त्यामुळे कोणाचा जास्त उतरतो, कोणाचा कमी, आणि ओळ वाकते. या वाकड्या ओळीत गड्डा आला तरी ओळखू येणार नाही. उपाय सोपा होता. कॅमेऱ्यापुढे रंगाची काच लावायची. काच हा शब्द कानावर पडला आणि काकांच्या अंगात आलं.

इथं त्यांनी चष्मेवाल्यानंच करावी अशी चूक केली. काच कोणती बरी हे ओळीवरून ठरवायचं असतं. काच लावा, फोटो काढा, ओळ बघा. काका म्हणाले, "काच डोयाले समजते, कागदाले नाई समजत." केदारकडून लाल काच मागवून त्यांनी ती डोळे तपासायच्या लोखंडी चौकटीत रबराची रिंग घालून बसवली, आणि जे गिऱ्हाईक येईल त्याच्या नाकावर चढवायला सुरुवात केली. मी माझा चष्मा न्यायला गेले होते तेव्हा खुर्चीत दाताळ्याच्या गंगाबाई बसल्या होत्या.

"काय दिसते, मावशी?"

"लाल दिसून राह्यलं."

"उजेड किती कमी झाला? अर्धा, का पाऊन?"

"बापू, मले सुईत दोरा ओवाचा आहे. लाल कायले करून राह्यला?"

"मावशी, विज्ञानासाठी."

"मंग विज्ञानाले म्हना, दोरा ओवून दे."

गंगाबाईंचं म्हणणं खरं ठरलं. लाल काचेनं ओळ सरळ झाली, पण छोट्या दुर्बिणीत येणारा उजेड इतका कमी पडला की ठिपके अंगणात ज्वारी सांडल्यासारखे विखुरले. केदार म्हणाला, मधला मार्ग घेऊ. फक्त निळा उजेड अडवणारी आणि बाकी सगळा सोडणारी काच पाठवतो. काका पार्सलाची वाट बघत दुकानाच्या पायरीवर बसू लागले.

पार्सल आलं. काकांनी काच दोन बोटांत धरली, दुकानाच्या पांढऱ्या भिंतीकडे रोखली, एकदा काचेतून बघितलं, एकदा काचेशिवाय बघितलं, आणि फोन लावला.

"काऊन बे, साधी काच पाठवून राह्यला?"

"काका, साधी कशी? बघितल्याबरोबर पिवळी दिसते ती."

"मले काचेचं शिकवतं? माही जिंदगी काचेत गेली!"

काच परत गेली. केदारनं बिचाऱ्यानं दुसरी पाठवली. काकांनी ती भिंतीकडे धरली, आभाळाकडे धरली, माझ्या दारावरच्या पडद्याकडे धरली. साधीच. मग त्यांनी ते केलं जे करायला नको होतं. हौशी निरीक्षकांचा मोबाइलवर एक गट होता, त्यात नाशिकपासून नागपूरपर्यंतचे लोक होते. तिथं काकांनी लिहिलं, 'पुण्याहून साधी काच देऊन फसवणूक होत आहे. मलकापूरच्या डोळ्यांनी दोनदा पाहिलं आहे. सर्वांनी सावध राहावे.' लोकांनी केदारला विचारायला सुरुवात केली. एकानं दिलेली मागणी थांबवली.

केदारचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज रडवेला होता. "काका, तुम्ही शिव्या द्या, पण असं नका करू. व्हिडिओवर या आणि माझ्यासमोर काच कोणालाही दाखवा."

काकांना हेच हवं होतं. रविवारी सकाळी गच्चीवर पंचायत भरली. पाण्याच्या टाकीची भिंत नुकतीच पांढरी रंगवली होती, तिच्यासमोर काका काच धरून उभे राहिले. फोनमध्ये केदार होता. साक्षीदार मी आणि कमलकाकू. मी सुट्टीच्या दिवशी केस धुवायचे सोडून आले होते, त्यामुळे फार काही प्रसन्न नव्हते.

"मॅडम, बोला. घाबराचं नाई. बँकेचा मानूस खोटं बोलत नाई."

मी काच बघितली. "पिवळी आहे, काका."

"नीट पाहा."

"पिवळीच आहे. हळदीचं पाणी असतं तशी."

काकांनी काच काकूंच्या हातात दिली. काकूंनी पदराला हात पुसून ती डोळ्याला लावली. "हाव, पिवळी आहे न. लिंबाच्या सरबतावानी."

काकांनी काच परत घेतली. भिंतीकडे बघितलं. काच बाजूला केली, बघितलं. पुन्हा लावली, बघितलं. "मले तं सारखंच दिसून राह्यलं," ते म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी नेहमीच्या आवाजात म्हटलं नाही.

फोनमधून केदार म्हणाला, "काका, रेंज जातेय इकडं. मी नंतर करतो," आणि फोन ठेवला. रेंज उत्तम होती. पुण्याच्या माणसाबद्दल मला आपुलकी वाटल्याचा हा माझ्या आयुष्यातला पहिला प्रसंग.

"म्हनून तुमाले समदे कपडे पिवळे दिसते!" काकू म्हणाल्या. "अन् मी बावळट, नीय ओतून राह्यली!"

काका टाकीच्या कठड्यावर बसले. आपल्याच एखाद्या गिऱ्हाइकाबद्दल बोलावं तसं त्यांनी सगळं मोजून काढलं. पांढरं पिवळं दिसतं. समोरच्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा दिसतो. वाचायचा चष्मा अचानक सुटला. ही शेवटची गोष्ट तर त्यांनी आम्हाला वर्षभर मिरवून सांगितली होती, ताऱ्यांकडे बघून नजर सुधारली म्हणून. दुसऱ्या कोणी असं सांगितलं असतं तर काकांनी त्याला तिथूनच जीपमध्ये घातलं असतं. त्यांच्या डोळ्यातलं भिंगच पिवळं पडलं होतं आणि निळा उजेड आधीच अडवत होतं. दुसरी पिवळी काच समोर धरून त्यांना काय फरक दिसणार होता?

"कमल," ते म्हणाले, "मोतीबिंदू आहे."

"कोनाले?"

"पेशंटले."

एवढं कळल्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण काकांनी त्यातही पेच घातला. काकू म्हणाल्या, त्या पोराचं नाव तुम्ही खराब केलं, आधी ते निस्तरा, माफी लिहा. काका म्हणाले, "स्वताच्या डोयानं पिवळी पाह्यल्याशिवाय कशी लिहू? न पाहता लिहिलं तं ते बी खोटंच झालं न?" म्हणजे माफीसाठी काच पिवळी दिसायला हवी, काच पिवळी दिसायला ऑपरेशन हवं, आणि ऑपरेशन म्हटलं की सुई. उन्हाळ्यात करू नये, पावसाळ्यात करू नये, सणावारी करू नये, असं त्यांचं चालू झालं. गच्चीवर जाणं बंद झालं. दुकानात ते गिऱ्हाइकाला दोन-दोनदा विचारू लागले की, नक्की दिसतं ना? आणि रात्री जेवताना मधेच म्हणत, "त्या पोराचं दुकान चाललं पाह्यजे बा." मला त्यांचा राग येत होता आणि कीवही येत होती. दोन्ही मी काकूंकडे बोलून दाखवत होते. काकू ऐकून घेत आणि भाजी निवडत राहत.

पुढच्या महिन्याची जीप भरली तेव्हा पुढच्या सीटवर काकूंनी पिशवी ठेवली. "कोनाची आहे?" काकांनी विचारलं. "पेशंटची," काकू म्हणाल्या.

मी रजा काढून सोबत गेले, कारण काकूंना एकटीला ते आवरले नसते. मागे पाच-सहा म्हातारी माणसं आणि त्यांत गंगाबाई. राजूर घाट लागला तसं काकांना दुकानाचं कुलूप लावलं की नाही ते आठवेना. त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. गंगाबाईंनी मागून हात घालून त्यांचा खांदा धरला.

"घाबरून काऊन राह्यला, बापू? तू तं आमाले मुंगी सांगे."

जीपमधली सगळी हसली. काका हसले नाहीत, पण गाडी थांबवा असं पुन्हा म्हणाले नाहीत. गंगाबाईंचा हात त्यांनी बुलढाणा येईपर्यंत सोडला नाही.

दवाखान्यात त्यांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, सुई केवढी असते? डॉक्टर म्हणाले, सुई कसली? हल्ली डोळ्यात थेंब टाकून बधिर करतो. इतकी वर्षं माणसं गाड्या भरभरून पाठवली, न दुखण्याची हमी दिली, आणि आत काय करतात हे काकांनी भीतीपायी कोणाला विचारलंच नव्हतं. "तुमीच तं पाठवता न हो सगळ्यायले?" शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या. काकांनी थेंबांसाठी निमूटपणे मान मागे टाकली.

पट्टी काढली त्या सकाळी आम्ही सगळे समोर उभे होतो. त्यांनी काकूंकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. हात पुढे केला. काकूंनी पर्समधून काच काढून दिली. काकांनी डावा डोळा झाकला, काच नव्या उजव्या डोळ्याला लावली आणि खाटेवर ताठ बसले.

"पिवळी आहे!" ते ओरडले. "कमल, पिवळीधम्मक आहे वो!" इतक्या आनंदानं कोणी स्वतःची चूक ओरडून सांगताना मी तरी बघितलेलं नाही. मग मोबाइल मागून घेऊन, एका बोटानं, फार वेळ लावून त्यांनी गटावर लिहिलं, 'काच खरी आहे. डोळा खोटा होता. केदारची सर्वांसमोर माफी मागतो. तुळशीराम इंगळे, मलकापूर.' पाठवण्याआधी मला दाखवलं. त्यात एक अक्षरही बदलण्यासारखं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी कपाट उघडलं आणि आपले शर्ट बघितले. मग त्यांतला एक हातात घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "मले या रंगात गावभर हिंडू देलं?" काकू शांतपणे म्हणाल्या, "लोक म्हने शोभते." ते शर्ट पुढे तसेच वापरले गेले, कारण नीळ धुऊन जायला तयार नव्हती.

डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली होती. ती उठेपर्यंत आणि चांगला ग्रह मिळेपर्यंत थंडी पडली. दुर्बीण काकूंनी आणि मी वर चढवली, काका जिन्यात उभे राहून आम्हाला हळू, हळू म्हणत होते. पिवळी काच कॅमेऱ्यापुढे बसली. ठिपके येऊ लागले. ओळ सरळ होती, विखुरलेली नव्हती. काका पडद्याच्या इतक्या जवळ बसले होते की आम्हाला काही दिसत नव्हतं. काकूंनी शेंगदाणे आणले होते, ते आम्ही खात होतो. एक मालगाडी गेली, तिच्यामागून दुसरी गेली. मग काका खुर्चीसकट मागे सरकले.

"कमल," ते म्हणाले, "इकडं ये. मॅडम, तुमी बी या. मले काहीतरी दिसून राह्यलं, पन मी सांगत नाई. तुमी सांगा."

आम्ही वाकून बघितलं. ठिपक्यांची ओळ सरळ आली होती, मग सावकाश खाली उतरली होती, आणि आता खालूनच चालत होती. काकूंनी बोटानं पडद्यावरून ती वाट गिरवली.

"पडला न गड्डा," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"हाव, नक्की. मोताळ्याच्या रोडवानीच आहे."

ओळ परत वर आली तसा काकांनी केदारला फोन लावला आणि तो माझ्याकडे दिला. मी सांगितलं. पलीकडे पुण्यात तो मुलगा इतक्या जोरात ओरडला की काकूंनाही ऐकू गेलं.

पुढच्याच उन्हाळ्यात माझी बदली आली. निघायच्या सकाळी टेम्पो दारात उभा होता आणि मी दोरीवरचे राहिलेले कपडे घ्यायला गच्चीवर गेले. काका तिथं आभाळाकडे बघत उभे होते. हातात काच नव्हती, दुर्बीण नव्हती. एक डोळा झाकत होते, मग दुसरा झाकत होते, पुन्हा पहिला.

"डाव्याचं ऑपरेशन सोमवारी आहे," ते म्हणाले. ती तारीख या वेळी त्यांनी स्वतः घेतली होती. "तो बी साफ झाला, तं मंग ताडून पाहाले काही राह्यनार नाई, मॅडम. आभाय किती निळं झालं, हे मले कशावरून समजन? म्हनून आजच पाहून घेऊन राह्यलो."

काकू मला चपात्यांचा डबा द्यायला वर आल्या होत्या. काकांनी त्यांना दंडाला धरून उन्हात उभं केलं, आणि आधी डावा डोळा झाकून, मग उजवा झाकून त्यांच्याकडे बघायला लागले. नव्या डोळ्यानं त्यांना काकूंचे केस केवढे पांढरे दिसत असतील, हे माझ्या मनात आलं. काकूंच्याही आलं असावं.

"कोनत्या डोयानं बरी दिसून राह्यली मी?" काकूंनी विचारलं.

"थांब," काका म्हणाले. "अजून पाहून राह्यलो."

खालून टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. मी डबा घेऊन जिना उतरले तेव्हा काकू अजून उन्हातच उभ्या होत्या.